सरावासाठी माणूस पाहिजे

चित्रकला शिकणाऱ्याला कागद पुरतो, पोहायला शिकणाऱ्याला पाणी. परकी भाषा शिकणाऱ्याला मात्र हाडामांसाचा माणूस लागतो. त्यानं समोर बसलं पाहिजे, मध्येच उठून जाता कामा नये, आणि आपलं चुकलं तर ते त्याला कळताही कामा नये. असा माणूस पैसे टाकून मिळत नाही. तो घरातच हेरावा लागतो. आमच्या घरात तो मी आहे.

पुण्याला परक्या भाषांचं अप्रूप नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातून कित्येक पिढ्या जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकून बाहेर पडल्या. पण ती समंजस माणसं होती. त्यांच्याजवळ कारण होतं. कुणाला जर्मनीत पुढचं शिक्षण घ्यायचं होतं, कुणाला चाकण नाहीतर रांजणगावच्या जपानी कारखान्यात दुभाषा म्हणून लागायचं होतं. त्यांचं जपानी इस्त्री केलेलं असे. मी अमुक, पुण्याहून आलो, लोभ असावा. ते वर्गात शिकत, कचेरीत वापरत आणि घरी येताना चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत. घरच्यांना त्याची तोशीस नव्हती.

आताचा जथा कॉमिक्समधून आलेला आहे. मांगा वाचणारे जपानी शिकतात, वेबटून वाचणारे कोरियन आणि मानहुआ वाचणारे चिनी. नोकरीचं कारण ह्यांनाही विचारलं तर सांगता येतं, पण ते आईवडिलांसाठी राखून ठेवलेलं असतं. माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली, त्या आठवड्यात मी केर काढायला तिच्या खोलीत शिरत होते. तिनं हात आडवा घातला आणि घशातल्या घशात काहीतरी गुरगुरली. अर्थ विचारला तर म्हणाली, "इथून पुढे एक पाऊल टाकलंस तर तुझी राखसुद्धा उरणार नाही, असं आहे ते मावशी. पण वाक्यरचना बघ ना, अगदी मराठीसारखी! क्रियापद शेवटी."

क्रियापद शेवटी असल्यामुळे राख व्हायला थोडा वेळ मिळतो, एवढाच त्यातला दिलासा.

ह्या पिढीचं मूळ शोधत गेलं की माणूस हंगामा टीव्ही ह्या मुलांच्या वाहिनीपाशी पोचतो. २००५ च्या सुमाराला डोरेमॉन भारतात आला तो थेट हिंदी बोलतच आला. त्यातल्या नोबिता नावाच्या मुलाचं घर कानपूरच्या एखाद्या कॉलनीत असावं, असं वाटण्याइतकं ते हिंदी सफाईदार होतं. पाठोपाठ शिनचान आला आणि घरोघरच्या आयांनी कपाळाला हात लावला. मुलं मोठी झाल्यावर त्यांना कळलं, की डोरेमॉन हा निळा बोका फुजिको एफ. फुजिओ नावाच्या चित्रकारानं १९६९ मध्ये कागदावर काढलेला आहे, तो मुळात जपानी बोलतो, आणि आपण लहानपणी ऐकलं ते सगळं कुणीतरी दुसऱ्यानंच बोललेलं होतं. आपल्याला आजवर नकली माल मिळाला, हा संशय तिथे पडला.

हा संशयच सगळ्याच्या मुळाशी आहे. लोकांना वाटतं, मुलं जपानवरच्या प्रेमापोटी जपानी शिकतात. मुळीच नाही. ती भाषांतरकारावरच्या अविश्वासापोटी शिकतात. पूर्वी घाई हे तरी कारण होतं. 'शोनेन जंप' हे १९६८ पासून निघणारं नियतकालिक. त्यात प्रकरण छापून येणार जपानात, आणि इकडे इंग्रजीत यायला वाट बघावी लागणार. आता तीच प्रकरणं इंग्रजीत त्याच दिवशी फोनवर अधिकृतपणे वाचता येतात. घाईचं कारण संपलं, तर ही मुलं इंग्रजी ओळ वाचून मान हलवतात आणि म्हणतात, "मुळात तो असं म्हणालाच नसणार." दुसऱ्याची चूक मूळ संहिता पुढ्यात ठेवून दाखवायला मिळणार असेल, तर पुण्यात राहणारा माणूस वाटेल तितकी अक्षरं शिकेल.

अक्षरं वाटेल तितकी आहेतच. सुरुवात मात्र फसवी आहे. हिरागाना ४६, काताकाना ४६. भाचीनं भिंतीवर तक्ता लावला आणि मोठ्यानं म्हणायला लागली: अ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आजी, म्हणजे माझी आई, वाती वळता वळता म्हणाली, "मधली काही गाळलीस. ख, ग, घ कुठे गेले?" तिचं ऐकून भाचीनं शोध घेतला, तर संस्कृत मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून जपानी बौद्ध भिक्षू सिद्धम लिपी शिकत, आणि त्यांच्याकडूनच आपल्या वर्णमालेचा क्रम त्यांच्या तक्त्यात उतरला, असं निघालं. तेव्हापासून आजी जपानीकडे, धाकट्या जावेनं आपल्याच पद्धतीनं केलेल्या पुरणपोळीकडे पाहावं तशी पाहते. आपलंच आहे, पण अर्धं विसरलेत.

ही झाली ९२ अक्षरं. पुढे कांजी. जपान सरकारच्या नित्योपयोगी यादीत २,१३६ चित्राक्षरं आहेत. त्यांतली १,०२६ तिथली मुलं प्राथमिक शाळेत सहा वर्षांत शिकतात. आमच्याकडे ती एका सुट्टीत शिकायची असतात. त्यासाठी फोनमध्ये आन्की नावाचा एक प्रकार असतो. तो रोज पत्ते काढतो, जे आठवत नाही ते उद्या पुन्हा विचारतो, जे आठवतं ते चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. विसरायच्या बेताला आलं, की नेमकं तेव्हा विचारायचं, असं ते शास्त्र. भाचीनं हे मला फार कौतुकानं समजावलं. आमच्याकडे हे काम माझे वडील करायचे. दिवेलागणीला परवचा, आणि जो पाढा येत नसेल तो पुन्हा, जेवणाआधी. पावकी-निमकी अडली की ताट वाढलं जायचं नाही. आन्कीला ताट अडवता येत नाही, हा त्यातला मोठा दोष.

मग रोजच्या सरावाची लागण घरभर झाली. 'भाषेत बुडून राहायचं' हा ह्या मुलांचा मंत्र आहे, आणि बुडायला घराएवढी सोयीची विहीर नाही. एका सकाळी उठून पाहिलं तर प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी. दारावर दार, आरशावर आरसा, फ्रिजवर फ्रिज, सगळं जपानीत. टीव्हीची सगळी सेटिंगं जपानी. केबलवाल्याचा मुलगा आला, पडद्याकडे बघून रिमोट टेबलावर ठेवला आणि "हा आमचा प्रॉब्लेम नाही" म्हणून निघून गेला. स्वयंपाकघरात डब्यांवरही चिठ्ठ्या होत्या. मिठावर 'शिओ', साखरेवर 'सातो', आणि दोन्ही डबे स्टीलचे, एकाच मापाचे, एकाच लग्नात आलेले.

इथे आमच्या स्वयंपाकाच्या काकूंची गाठ जपानीशी पडली. त्यांनी पहिल्या दिवशी चिठ्ठ्यांकडे दुर्लक्ष करून चिमूट जिभेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भाचीला विचारलं, "हे काय लिहिलंय?" तिनं सांगितलं. काकू म्हणाल्या, "सातो म्हणजे सातारा. साताऱ्याचे कंदी पेढे. गोड. आणि दुसरं तोंडात घातलं की शी म्हणायचं." संपलं. भाची ह्याच कामासाठी, म्हणजे शब्द लक्षात राहायच्या युक्त्या शिकण्यासाठी, दरमहा पैसे भरत होती. काकू पंधरवड्यात हळद, तिखट, चहा आणि तांदूळ ओळखायला लागल्या. त्यांना परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, फक्त आमटी बिघडू द्यायची नव्हती. गरज लागली की भाषा येते, असं जे सांगतात, त्याचं ह्याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. भाचीला मात्र आठव्या दिवशीसुद्धा चिठ्ठी वाचून चहात मीठ घालता आलं, कारण तिला शिकायची होती ती राक्षसांची भाषा.

हा दोष पूर्णपणे तिचा नाही. किशोरवयीन मुलांसाठी निघणाऱ्या मांगामध्ये अवघड कांजीच्या शेजारी बारीक अक्षरात तिचा उच्चार छापलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. त्या बारीक अक्षरांचा हात धरून ही मुलं लढाया, शाप, सूड, बेचिराख झालेली राज्यं असं सगळं भराभर वाचतात. हात सोडला, म्हणजे मोठ्यांसाठीचं काही समोर आलं, की थबकतात. परिणाम असा, की भाचीला 'वज्रप्रहार' वाचता येतो आणि औषधाच्या बाटलीवरचं 'जेवणानंतर' वाचता येत नाही.

वाचण्यापेक्षा बोलण्याचा प्रकार गंभीर आहे. जपानीत 'तू' म्हणायचे अनेक प्रकार आहेत आणि मांगातल्या वीरांच्या तोंडी असतात ते सहसा हाणामारीच्या आधी वापरायचे. सातोशी किन्सुइ नावाच्या जपानी भाषाशास्त्रज्ञानं ह्या सगळ्या बोलीला 'भूमिकेची भाषा' अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे. कथेत म्हातारा शास्त्रज्ञ आला की तो ठरावीक तऱ्हेनं बोलतो, खानदानी मुलगी आली की तिच्या वाक्याचं शेपूट वेगळं, निन्जा आला की आणखी वेगळं. खऱ्या जपानात म्हातारे शास्त्रज्ञ तसे बोलत नाहीत आणि निन्जांची तर गाठच पडत नाही. पण वाचणाऱ्याला शेपटावरून पात्र ओळखता येतं, म्हणून ती भाषा चालते. समजा, एखादा जपानी मुलगा ऐतिहासिक मालिका बघून मराठी शिकला आणि मंडईत येऊन म्हणाला, "हे वृंताकविक्रेत्या, आम्हांस अर्धा शेर वांगी नजर करावीत, अन्यथा कडेलोट होईल." वाक्यात चूक काहीही नाही. वांगीसुद्धा मिळतील. पण गर्दी जमेल.

भाचीच्या वर्गातल्या सेन्सेई, म्हणजे बाई, सदाशिव पेठेतल्या आहेत. त्यांना हे नवीन नाही. भाचीनं पहिल्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून दिली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे. उच्चार तर फारच छान. फक्त तू आत्ता मला सांगितलंस, की तू दक्षिणेच्या दऱ्यांचा सम्राट आहेस आणि मी गुडघे टेकावेत. मुलाखतीला जाशील तेव्हा हे वगळ." कॉमिक्सवाल्या मुलांविषयी त्यांचं मत मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "नोकरीसाठी आलेली मुलं नम्र बोलतात आणि एन-४ च्या परीक्षेला कंटाळून सोडतात. ही उद्धट बोलतात, पण सोडत नाहीत. उद्धटपणा काढता येतो हो. चिकाटी कुठून घालणार?"

आजीचा ह्या सगळ्यात फायदाच झाला. जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, हे तिला कुणी सांगितलं नाही. गोशो आओयामांचं 'डिटेक्टिव्ह कोनान' १९९४ पासून चालू आहे आणि त्याचे शंभरावर भाग निघालेत. भाचीनं त्यातले दोन-तीन जपानीतले मिळवलेले आहेत. आजी ते आपल्या पद्धतीनं उघडून नुसती चित्रं बघते. त्यामुळे तिच्या कोनानमध्ये आधी आरोपी पकडला जातो, मग पुरावे सापडतात आणि सगळ्यांत शेवटी खून होतो. जपानचे पोलीस कार्यक्षम आहेत असं तिनं ऐकलं होतं, त्याची तिला खात्री पटली.

भाचीची मैत्रीण वेबटूनवाली. कोरियन वेबटून फोनवर वरून खाली सरकवत वाचायचं असतं, त्यामुळे तिचा अंगठा बारीक आणि मान कायमची वाकलेली आहे. ती जपानीवाल्यांना जरा कमीच लेखते, कारण तिची लिपी दोन संध्याकाळींत आली. हे श्रेय राजा सेजोंगचं. त्यानं पंधराव्या शतकात प्रजेला लिहिता-वाचता यावं म्हणून मुद्दाम ही अक्षरं घडवून घेतली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. शहाण्याला ती सकाळ संपायच्या आत येतील आणि मठ्ठालाही दहा दिवसांत, असं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. हे वाचल्यावर कुणीही अकराव्या दिवशी वर्गात यायला धजत नाही.

लिपी सोपी असली तरी पुढे आदराची चढण आहे. कोरियनमध्ये समोरच्याचं वय कळल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. तो मोठा की धाकटा, त्यावर क्रियापदाचा शेवट ठरतो. इंग्रजीतून कोरियन शिकणारी माणसं इथे घायकुतीला येतात, कारण त्यांच्या संस्कृतीत वय विचारणं वाईट. आजीला ही अडचण असते हेच कळलं नाही. तिनं त्या मैत्रिणीला पहिल्या भेटीत वय, मूळ गाव, वडिलांची नोकरी आणि मोठ्या बहिणीचं लग्न का राहिलं, एवढं पाण्याचा ग्लास रिकामा व्हायच्या आत विचारून घेतलं होतं. आजी सोलमध्ये उद्या उतरली तर तिला फक्त शब्द लागतील, प्रश्न तयार आहेत.

नात्यांचं कळल्यावर तर तिनं कोरियाला मान्यताच दिली. यून ते-होच्या 'मिसेंग' ह्या कचेरीवरच्या गाजलेल्या वेबटूनपासून घरगुती कथांपर्यंत सगळीकडे कोण कुणाला काय म्हणतो ह्याला महत्त्व असतं. मुलगी थोरल्या भावाला वेगळं म्हणते, मुलगा वेगळं. नवऱ्याच्या बहिणीला वेगळा शब्द आहे. जावेलासुद्धा आहे. आजीनं हातातली माळ थांबवली. "जावेला शब्द आहे?" आहे, दोंगसो. "इंग्रजीत?" नाही. आजी म्हणाली, "मग बरोबर आहे. इंग्रजांना भांडता येत नाही, ते नुसते राज्य करतात."

तिसरा, समोरच्या फ्लॅटमधला मुलगा, चिनीच्या नादाला लागलेला. त्याची मला खरोखर दया येते. जपानी आणि कोरियनवाल्यांना गावात संगत मिळते, चिनीवाला एकटा असतो. नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शाळेत शिकता येतील अशा परक्या भाषांची नावं दिली आहेत, त्यांत कोरियन आणि जपानी आहेत, मसुद्यात असलेली चिनी अंतिम प्रतीत नाही. त्यामुळे तो स्वतःच्या हिमतीवर शिकतो आणि सराव फोनवर करतो. फोनमध्ये तोंडी सांगितलेलं टाइप होतं ना, त्यात चिनी निवडायचं आणि बोलायचं. आपण जे बोललो तेच उमटलं तर पास. चिनीत एकाच अक्षराचा सूर बदलला की अर्थ बदलतो. 'माय' तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. शांघायचा शेअरबाजार फोनवर कसा चालत असेल, हा विचार करून मी एक दुपार घालवली. हा मुलगा रोज संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून अर्धा तास विकतो, घेतो, विकतो, घेतो. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, घरात वाटण्या चालू आहेत.

त्यानं वाचनासाठी एक चिनी कॉमिक मागवलं. झांग लेपिंग ह्यांचा 'सानमाओ'. डोक्यावर तीन केस असलेला अनाथ पोरगा, १९३५ पासून चीनमध्ये घरोघरी माहीत असलेला. पुस्तक आलं, आम्ही सगळे बघायला गेलो. पान उलटलं, आणखी एक उलटलं. सानमाओची चित्रकथा जवळजवळ निःशब्द आहे. बोलणंच नाही. तो मुलगा म्हणाला, "सगळं समजलं मला!" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

चिनी रोजच्या सरावानं शिकलेला खरा माणूस आमच्या सोलापूरचा, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथल्या सैनिकांवर उपचार करता करता अशी भाषा शिकले, की चिनीतून शिकवू लागले. १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. त्यांच्याशी कॉमिक्स घेऊन बसणाऱ्यांची तुलना करणं पाप आहे, पण एक गोष्ट त्या मुलाच्या नजरेतून सुटली नाही. तो म्हणाला, "त्यांना सरावाला पेशंट होते. खाटेवरचा माणूस उठून जात नाही."

आता मुख्य विनोद. एवढा छळ मांडून ही मुलं ज्या परीक्षेला बसतात, ती जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा पुण्यातही होते. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या. ह्या परीक्षेत बोलायचं नसतं. लिहायचंही नसतं. ऐकायचं, वाचायचं आणि दिलेल्या पर्यायांतल्या एकाचा गोल काळा करायचा. घरातल्या माणसांनी दोन वर्षं जे ऐकून घेतलं, त्याला शून्य गुण! मी हे भाचीला म्हटलं, तर ती म्हणाली, "मग खऱ्या जपानी माणसाशी बोलून बघू."

म्हणून आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखलेली ही बाग जपानी माणसाला ओळखीची वाटते, तेव्हा तिथे एखादा भेटेल, असा हिशेब. पुलं स्वतः जपानला जाऊन आले होते आणि 'पूर्वरंग'मध्ये त्यावर लिहून मोकळे झाले होते. ते आम्हाला त्या संध्याकाळी बघत असते तर त्यांना आणखी एक प्रकरण सुचलं असतं. पुलाजवळ एक जपानी कुटुंब उभं होतं. भाची ताठ झाली, दोन पावलं पुढे गेली, आणि दक्षिणेच्या दऱ्यांच्या सम्राटाची वाचा बसली. आईवडील मान लववून हसले. ही मान लववून हसली. ते पुन्हा लववले. हे किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण त्यांच्या पाचेक वर्षांच्या मुलाच्या पाठीवर डोरेमॉनची पिशवी होती. भाची गुडघ्यावर बसली आणि त्याच्याशी जी बोलायला लागली, ती सूर्य मावळेपर्यंत. तिचं ते बिनआदराचं, तुटक, आरडाओरडीचं जपानी पाच वर्षांच्या पोराशी बोलायला अगदी योग्य होतं. त्यानं तिच्या चार-पाच चुकाही सुधारल्या, हातातली काडी जमिनीवर आपटून. सेन्सेईंनी इतकी वर्षं जी भाषा विसरायला सांगितली, ती तिथे अस्खलित ठरली. परत येताना रिक्षात भाची गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, मला एक वय तर आलं. आता मोठं व्हायचं."

आमच्या घरात ह्या मुलांचं खरं काम कुठे आहे, ते मात्र एका वेगळ्याच दुपारी कळलं. जपानी मांगात आवाज चित्रातच रंगवलेले असतात. छाती 'दोकिदोकि' होते, हसू 'निकोनिको' उमटतं, तारा 'किराकिरा' करतो. ज्याला आवाज नाही त्यालासुद्धा आवाज आहे, अगदी शांततेलासुद्धा. सगळे गप्प झाले की चित्रभर 'शीऽऽन' असं काढतात. इंग्रजीवाले इथे हतबल होतात. ते कोपऱ्यात बारीक अक्षरात 'शांतता' असं लिहून मोकळे होतात, आणि दवाखान्यातली पाटी वाचल्यासारखं वाटतं. भाची ते मला तावातावानं दाखवत होती. आजीनं पलीकडून विचारलं, काय अडलंय? भाची म्हणाली, छातीचा आवाज. आजी म्हणाली, धडधड. तारा? लुकलुकतो. चकचकीत भांडं? लख्ख. पाऊस? "कुठला? रिपरिप, रिमझिम, की सरसरून येतो तो?" तिघंही मुलं तिच्याभोवती येऊन बसली. शेवटी भाचीनं हुकमी पान टाकलं. "आणि आजी, शांततेचा आवाज?"

आजी म्हणाली, "किर्र."

भाची वही घेऊन आली. त्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये तिघं मिळून एकेक पान मराठीत उतरवतायत. चुकतात, भांडतात, आणि एकमेकांच्या भाषांतरावर यथेच्छ अविश्वास दाखवतात. काकू पोळ्या लाटता लाटता चुका काढतात, कारण त्यांना जपानी कमी येत असलं तरी मराठी नीट येतं. मला चार दिवस कुणी धमकी दिलेली नाही.

तेव्हा मराठी प्रकाशकहो, एक विनंती. एखादा मांगा, एखादं वेबटून मूळ भाषेतून मराठीत आणायचं मनावर घ्या. हक्क आणि उजवीकडून डावीकडची बांधणी तेवढी तुम्ही बघा. जपानीसाठी एक, कोरियनसाठी एक, चिनीसाठी एक अशी माणसं आमच्याकडे तयार आहेत, आणि आवाजांसाठी आजी आहे. मानधन वेळेवर द्या. आणि बसायला जागा तुमच्या कार्यालयातच द्या, माझ्या हॉलमध्ये नको.